सातव्या चौकटीत निरंक

श्रावण सरत आला की कुडाळच्या आठवडी बाजारात एक निराळी रांग लागते. भाजी, सुकी मासळी, मिरच्या यांच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला ओली पोती पसरून बायका रान मांडून बसतात. कवंडळं, कांगलं, शेरवडाची पांढरी पानं, हरणाची पिवळी फुलं, तेरड्याच्या जुड्या, देठासकट सुपारीचे घोस. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगून तिला हे सगळं बांधायचं असतं. त्या चौकटीला आमच्याकडे माटवी म्हणतात. ज्यांना रानात जायला सवड नाही ते बाजारातून नेतात. मीही त्यांच्यातलीच. पिशवी पुढे करते, भाव न करता घेते आणि विकणारीच्या तोंडाकडे शक्यतो बघत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई कवंडळ हातात धरून उलटंपालटं करत नाही, याचं त्या बायकांना नवल वाटत असेल.

याच दिवसांत आमच्या कॉलेजची क्षेत्रभेट असते. पोरं टोप्या घालून, डबे घेऊन गाडीत चढतात. आता मोबाइल फुलाचा फोटो काढून नाव सांगतो, त्यामुळे माझी निम्मी हुशारी त्यांच्या खिशात असते. "मॅडम, हा म्हणतोय बहुतेक हेच असेल," असं सांगतात. मी त्यांना खाडीवर नेते, किनाऱ्यावरच्या खडकांत नेते, देवाच्या राईत नेते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नेत नाही. तिथे सावली नाही, पोरांना चक्कर येते, असं मी खात्यात सांगून ठेवलंय आणि इतकी वर्षं ते चाललंय. भाद्रपदात आमच्याकडे आभाळ कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण एखाद्या बाईने ठामपणे सांगितलं की लोक जास्त विचारत नाहीत.

मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तो पावसाळा मला दर वर्षी परत भेटतो. त्या वर्षी वनस्पतिशास्त्र घेतलेल्या आम्ही दोघीच, मी आणि मीनल. सरांनी आम्हाला एकच प्रकल्प दिला. चार जागा, चारही निराळ्या. आरोंद्याच्या खाडीतलं कांदळवन, मालवणचा खडकाळ किनारा, एक राई आणि एक सडा. प्रत्येक ठिकाणी एक मीटरची चौकट टाकायची आणि तिच्या आत जे दिसेल ते मोजून लिहायचं. सर शिडशिडीत, गुडघ्याने अधू, काखेत छत्री आणि वहीवर प्लास्टिकची पिशवी. फार बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून अक्षरशः घोकून घेतली होती. "दिसलं तर दिसलं म्हणा. नाही दिसलं तर 'दिसलं नाही' लिहा. 'नाही' असं लिहू नका. ते लिहिण्याइतकं आपण कुणी बघितलेलं नसतं."

आरोंद्याला आम्ही गुडघाभर चिखलात उभ्या होतो. कांदळाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यामध्ये चौकट ठेवली आणि काठावर बसून डबा उघडला. बोलत बसलो. किनाऱ्यावर जन्मलेल्या दोघी मुली भरती विसरल्या. मागे वळून बघतो तर चौकटीच्या जागी पाणी. ॲल्युमिनियमची, कॉलेजची, नव्या पावतीची चौकट खाडीने गिळली. सर रागावले नाहीत. "भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवर असते," एवढंच म्हणाले. मला ते रागावण्याहून जास्त लागलं.

मालवणच्या खडकांत मग आम्ही दोरीनेच भागवलं. ओहोटीनंतर कपारींत राहिलेल्या पाण्यात वाकून वाकून पाठ मोडायची. बोट लावलं की मिटून घेणारे जीव, खडकाच्या रंगाचे खेकडे, पायाखाली शेवाळ. शेजारी बायका लोखंडी आकडीने कालवं काढत होत्या. एकीने विचारलं, "ही खाऊची नसतील तर मोजतास कित्या?" मीनल हसत सुटली आणि घसरून पडली. आजही त्या वासाने मला आधी मीनलचं हसू आठवतं.

राईत शिरण्याआधी गावकरांनी आम्हाला थांबवलं. पान-विडा ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, ही पोरां शिकूक इलीत, चुकला-माकला सांभाळून घे. आम्ही दोघी मान खाली घालून "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्या वयात मला त्याची गंमत वाटली होती. आत अंधार, वेली, पानांचा कुजका गोड वास आणि कुठेतरी ठिबकणारं पाणी. तिथे आपोआप आवाज खाली येतो.

आणि मग सडा. गावाचं नाव मी लिहीत नाही. मालवण-कुडाळच्या मधे, घाटीने वर चढलं की एकदम सपाट. उन्हाळ्यात तिथे नुसता तापलेला जांभा, अनवाणी पाय ठेववत नाही. बाहेरच्या माणसाला ती पडीक जागा वाटते. भाद्रपदात मात्र त्या कातळावर बोटभर पाणी उभं राहतं आणि त्यात जांभळी इवली फुलं येतात, ज्यांना सीतेची आसवं म्हणतात. कडेला गेंदाचे पांढरे गोंडे, मधेच पिवळे पट्टे. वारा आला की सगळा सडा एकदम एका बाजूला कलतो. मला तिथे पहिल्याच दिवशी रडू आलं होतं, आणि मी ते सरांपासून लपवलं.

सड्याच्या पायथ्याशी भागीकाकीचं घर. भागीकाकी म्हणजे भागीरथी. तेव्हा पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला. एक गाय, वाफ्यातला भात आणि हा सडा, यावर तिचं चाललेलं. चतुर्थीच्या आधी ती सड्यावरून आणि खालच्या रानातून माटवीचं सामान गोळा करून कुडाळच्या बाजारात बसायची. आम्ही दोरी घेऊन धडपडतोय हे तिने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती माळ्यावर चढली आणि माटवीची चौकट खाली काढली. तिच्या नवऱ्याने, तो असताना, फणसाच्या लाकडाची केलेली. कोपरे घासून गुळगुळीत झालेले.

"ही चलात?" तिने विचारलं. मग स्वतःच जरा थबकली. "ही वर टांगूची. तुमी भुंयर ठेवतल्यात." तिने देवाच्या खोलीच्या दिशेने हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि चौकट माझ्या हातात दिली. सरांनी टेप लावली. मीटरला चार बोटं कमी भरली. सरांनी वहीत तसं नोंदवलं आणि प्रत्येक आकडा त्या हिशेबाने वाढवून घ्यायला सांगितलं. जगात कुठल्या प्रयोगशाळेत अशी चौकट वापरली असेल असं वाटत नाही. पण त्या लाकडाला हात लावला की आम्ही कमी बडबडायचो, एवढं खरं.

चौकट डोळे मिटून टाकायची, म्हणजे आवडीची जागा निवडली जात नाही. सातव्यांदा मीनलने टाकली ती एका खळग्याच्या कडेला पडली. सर लांब, दुसऱ्या टोकाला, छत्रीखाली दगडावर बसून लिहीत होते. मी वाकून बघितलं आणि मीनलला हाक मारायचीही विसरले. गवतात तीन वेली. प्रत्येकीला एकेक फूल, हिरवट-तपकिरी, मधे फुगलेलं, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळलेली. कंदीलपुष्पाच्या कुळातलं हे कळत होतं. पण पुस्तकातल्या एकाही चित्राशी ते जुळत नव्हतं.

भागीकाकी गायीला हाकत तिकडूनच येत होती. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलेल्या बघून ती जवळजवळ धावत आली.

"गावली तुमका?" ती म्हणाली. "ती दिवटी. माज्या सासून दाखवलेली. वर्साक एकच फूल काडूचा, माटवीक लावूचा. कांदो काडूचो नाय." मग माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचा नाव लिवू नको गो, चेडवा."

मीनलने विचारलं, "कित्या, काकी?"

"लिवलंस की कागद वर जातलो. मगे फॉरेस्टवाले येतले, कुंपण घालतले. दोडामार्गाक माजी भयण दिली हा, तिच्याथंय रानात पाय ठेवूक देणत नाय म्हणतत. माजी गाय खंय चरात? बाजारात काय घेवन बसू?"

मीनल म्हणाली, आपण सरांना विचारू. मी नको म्हटलं. पेन्सिल माझ्या हातात होती. तक्त्यात शेवटचा रकाना होता, दुर्मीळ वनस्पती. त्यात सातव्या चौकटीपुढे मी लिहिलं, निरंक. तो शब्द मला सरकारी आणि भारदस्त वाटायचा, बाबांच्या कचेरीतल्या कागदांवर बघितलेला. लिहिताना मला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. एका गरीब बाईचं रान आपण वाचवतोय, विज्ञानापेक्षा माणूस मोठा, असले विचार त्या वयात चटकन येतात. वास्तविक मला ती जागा कोरी सोडता आली असती. चौकट पुन्हा टाकता आली असती. सरांना सगळं सांगता आलं असतं, आणि आता वाटतं, सरांनी त्यातून काहीतरी शहाणी वाट काढली असती.

संध्याकाळी सर तक्ता तपासत होते. बोट सातव्या ओळीवर थांबलं. "दिसलं नाही, की नाहीच?"

"नाहीच, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते. त्यांनी मान हलवली आणि तसंच लिहिलं. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आलं, की या सड्यावर दुर्मीळ वनस्पती नाहीत. खाली सरांची सही आणि आम्हा दोघींची नावं. आम्हाला त्या प्रकल्पात सगळ्यांत जास्त गुण पडले.

चतुर्थीला काकीने आम्हाला बोलावलं. धुवून पुसून तीच चौकट गणपतीच्या वर टांगलेली, तिला तवसं, नारळ, कवंडळं लटकलेली आणि मधोमध एकच दिवटी. आम्ही वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं जेवलो. काकी मला आग्रह करकरून वाढत होती. मीनलला वाढत होतीच, पण मला जास्त. मला ते कळत होतं आणि बरं वाटत होतं.

पुढची सात-आठ वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. मीनल गोव्यात औषधांच्या कारखान्यात लागली. मी कुडाळला तासिकेवर शिकवू लागले, म्हणजे जूनला नेमणूक आणि उन्हाळ्यात घरी. सर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी गेले. सड्यावरच्या बऱ्याचशा जमिनी मुंबईला राहणाऱ्यांच्या नावावर होत्या, त्या हळूहळू विकल्या गेल्या. मग बातमी आली की तिथे मोठी चिरेखाण येते आहे. गावाने हरकत घेतली आणि गावच्या शाळेत सुनावणी ठरली. काकीने बाजारात मला गाठून सांगितलं, "येतलंस मां?" मी हो म्हटलं.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली. साहेब टेबलामागे. खाणीच्या बाजूने एक गृहस्थ आलेले, इस्त्रीचा शर्ट, अतिशय नम्र. मी खिडकीजवळच्या बाकावर बसले होते. गावातली माणसं पाण्याबद्दल, गुरांबद्दल, सुरुंगांनी घरांना तडे जातील त्याबद्दल बोलली. मग भागीकाकी उभी राहिली. हातात काही नाही, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"सायबा, थंय एक फूल येता," ती म्हणाली. "दुसरीकडे खंय नाय. आमी वर्साक एकच काडतो."

तो नम्र माणूस उठला. त्याने फाइलीतून एक प्रत काढली. माझ्या बाकाशेजारून तो पुढे गेला तेव्हा टाइप मला ओळखता आला, आमच्या कॉलेजच्या टाइपरायटरवर 'र' जरा खाली पडायचा. "साहेब, हा इथल्याच महाविद्यालयाचा अहवाल आहे. प्राध्यापकांची सही आहे. याच सड्याचा अभ्यास केलेला आहे. दुर्मीळ वनस्पती नाहीत, असं स्पष्ट म्हटलेलं आहे." त्याने सातवी ओळसुद्धा वाचून दाखवली. त्याचं काय चुकलं? कागदावर होतं ते त्याने वाचलं.

साहेबांनी चष्मा काढला आणि वर्गाकडे बघून विचारलं, "या विषयातलं कुणी जाणकार इथे आहे का?"

मी तिथे होते. माझ्यापासून टेबल दहा पावलांवर होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. पुढच्या जूनची नेमणूक माझ्या डोळ्यांपुढे आली. खोटा अहवाल लिहिणारी बाई म्हणून माझं नाव कॉलेजात फिरेल ते दिसलं. गेलेल्या सरांच्या सहीला बट्टा लागेल, हे कारण मी नंतर घरी जाऊन शोधलं. त्या क्षणी मी नुसती घाबरले होते. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

काकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग साहेबांना म्हणाली, "कागदातला माका काय कळणा नाय," आणि खाली बसली.

खाण झाली. आता सड्याच्या जागी सरळ कापलेल्या भिंतींचा खड्डा आहे, पावसात त्यात लाल पाणी साचतं. खळगा नेमका कुठे होता ते मला सांगता येणार नाही, कारण ती उंचीच आता जमिनीला राहिलेली नाही. काकीची विहीर दोन उन्हाळे आटली, मग तिच्यात टँकरचं पाणी सोडायला लागले. ती दिवटी आणखी कुठे असेल का, हे मी गुपचूप शोधत आले. सुटीत एकटीच लांबलांबचे सडे पालथे घातले. दिसली नाही. तिला शास्त्रीय नाव मिळालंच नाही, कारण ते द्यायला लागणारी पहिली नोंदच झाली नाही.

मी कायम झाले, बढती मिळाली. मीनल चतुर्थीला शुभेच्छा पाठवते. मी म्हटलं होतं तुला, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिने म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एवढ्या वर्षांत मी एका गोष्टीला धरून राहिले. काकीने त्या दिवशी मला वाचवलं. तिला माहीत होतं मी तिथे बसलेय. तिने बोट दाखवलं असतं तर मी संपले असते. ती माझ्याकडे बघून, समजून, खाली बसली. तिच्या मागण्यावरून मी लिहिलं होतं, तिने माझी आब राखली, अशी आमची आपसात फिट्टंफाट झाली असं मी मनाला सांगत आले. या समजुतीवर माणूस बऱ्यापैकी झोपू शकतो.

यंदा बाजारात काकीच्या जागी तिची सून बसली होती. कवंडळं कमीच होती. पिशवीत भरता भरता ती म्हणाली, "आवय तुमची आठवण काडता. आता भायर पडना नाय ती." मी त्याच रविवारी गेले. काकी ओटीवर बसून शेंगा सोलत होती, डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं मात्र नेमकी चालत होती. लांबून खाणीतल्या यंत्राची करवत ऐकू येत होती. आम्ही पावसाबद्दल बोललो, भाताबद्दल बोललो. मग मला राहवलं नाही.

"काकी, त्या दिसा शाळेत मी उठूक व्हया होतां."

"व्हय," ती म्हणाली.

मी वाट बघितली. जांव दी गो, असं काहीतरी पुढे येईल असं मला वाटत होतं. ती शेंग सोलत राहिली. तेव्हा मीच बोलले, घाईघाईने, इतकी वर्षं जपलेलं सगळं. "तू माका वाचवलंस, काकी. माज्याकडे बघलंस आणि माजा नाव न घेता खाली बसलंस. मी ता कधी विसराक नाय."

तिची बोटं थांबली. तिने त्या दुधाळ डोळ्यांनी माझा चेहरा शोधला. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"वाचवूक?" ती म्हणाली. "सायबापुढे दोगांनी एकदम उबा रवान बोलूचा नसता गो. मी म्हटलंय, आता तू उठतलंस. शिकलेला चेडू, माज्यापरास बरा सांगतलंस. म्हणान मी बसलंय." तिने सुपातली पुढची शेंग घेतली. "वायच वाट बघलंय. मगे सायबान फाइल बंद केल्यान."